पांगरी की बार्शी?

आत्याच्या बोलण्यावर घराण्याचा इतिहास लिहायचा नाही, असं माझं ठाम मत होतं. आता ते राहिलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला इतिहासाशी देणंघेणंच नव्हतं. 2023च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि आमच्याही घरात वंशावळीचा विषय निघाला. निजामाच्या काळातले कागद उर्दूत, काही मोडीत. वाचणारं कुणी मिळेना. जे हाती लागलं त्यात खापरपणजोबा, पणजोबा, आजोबा अशी सरळ रांग. मला ती पसंत होती. कागद दर खेपेला वेगळं सांगत नाही. आत्या सांगते. रजाकाराच्या टायमाला आपण पांगरीला गेलो, असं एकदा म्हणते. पुढच्या खेपेला बार्शीला. मी वहीत प्रश्नचिन्ह काढून ठेवायचो.

आमचं गाव येरमाळ्याकडचं, म्हणजे तेव्हा निजामाच्या हद्दीत. बार्शी तालुका सोलापूर जिल्ह्यातला, भारतात. 1948 साली माणसं जीव मुठीत धरून ही हद्द ओलांडत होती. आत्या तेव्हा पाच-सहा वर्षांची. "पेव उघडलंबी न्हाई," ती सांगते, "जवारी तशीच जमिनीत. आईनं शेळीच्या तोंडाला फडकं बांधलं, वरडू नये म्हून." सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाल्यावर मंडळी परतली, तर पेवात पाणी शिरलेलं. काळी पडलेली ज्वारी अंगणात पसरल्यावर सुटलेला वास ती अजून नाक मुरडून सांगते.

पण पांगरीच का? हे मी कधी विचारलंच नव्हतं. "मग कुठं जावं? आईचं म्हायेर हुतं की!" आणि तिथं जागा पुरेना, म्हणून पुढं बार्शीला, आजीच्या बहिणीकडे. दोन्ही गावं खरी. वंशावळीत ना आजी, ना तिची बहीण. आणि त्या साली अख्खं घर राहिलं ते या दोघींच्या दारात.

तेव्हापासून आत्याला सनावळी विचारत नाही. अमकी कुठली, तमकीला कुठं दिली, बाळंतपणाला कोण आलं होतं, एवढंच विचारतो. ती एकेक सून माहेरासकट सांगते: वाशीची, कळंबची, धाकटी पुन्हा पांगरीचीच. त्या गावी जाऊन चौकशी केली की पुढचं सांगणारं एखादं म्हातारं माणूस भेटतं. कुणबी दाखल्यासाठी याचा काडीचा उपयोग नाही, हेही कबूल.

अर्थात आत्याचं सगळंच मी मानत नाही. आपला मूळपुरुष साताऱ्याकडून घोड्यावर बसून आला, असं ती छातीठोकपणे सांगते. असा एक घोडा बऱ्याच घराण्यांत असतो. "त्याचा काही कागद आहे का?" असं परवा विचारलं, तर म्हणाली, "घोड्याला कशाला रं कागद?"