मारेगावची वाडी : पाऊस सरतानाचे पंधरा दिवस

शरद ऋतू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोजागिरीचं चांदणं आणि आटीव दूध येतं. पण चंद्र उगवण्याआधीची ती दुपार कशी काढायची, हे विचारावं यवतमाळ जिल्ह्यातल्या बायकांना! नागपूर-हैदराबाद रस्त्यावर करंजीला वळून वणीच्या दिशेने निघालं की मधे मारेगाव लागतं. तालुक्याचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कपाशी, तूर, सोयाबीन; आणि पाय ठेवाल तिथे काळी माती. माझ्या नणंदबाई गेली कित्येक वर्षं इथे राहतात. घरामागे जेमतेम दोन खोल्यांएवढी मोकळी जागा, तिला त्या भागात 'वाडी' म्हणतात. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस मी तिथे राहिले आणि एवढ्याशा जागेत या दिवसांत किती काम असतं ते पाहिलं.

या कामाची मालकीण म्हणजे ती काळी माती. पावसाळ्यात ती चपलेला अशी चिकटते की पाऊल उचलवत नाही. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन लागलं की तीच माती आक्रसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगांतून आतली ओल उडून जाते, कोवळी मुळं तुटतात. चिखल आणि दगड यांच्या मधे थोडेच दिवस असे येतात की माती हाताला ऐकते. त्याला म्हणायचं वाफसा. विदर्भातून पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात परततो, तेव्हा सगळा खेळ या आगेमागेच्या दिवसांतला.

मी पहिल्याच सकाळी खुरपं उचललं, तर वन्सं म्हणाल्या, "वहिनी, थांबा जराशा. आज मातीले हात नका लावू. वाफसा येऊ द्या." त्यांची परीक्षा साधी आहे. मूठभर माती दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा. पडून भुसभुशीत फुटला तर कामाला लागा. चपटा होऊन तसाच राहिला तर घरात जाऊन दुसरं काम करा. ओल्या मातीत खुरपं चालवलं की ढेकळं होतात, आणि वाळलेलं ढेकूळ फोडायला मग पहारच लागते.

वाफसा आला की आधी निंदण. यासाठी मजूर बाई मिळेल या भरवशावर राहू नका. सोयाबीनची कापणी याच दिवसांत, आणि पाठोपाठ सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी सुरू होते. वाडीतलं गवत घरच्याच बाईच्या वाट्याला येतं. गाजरगवत फुलण्याआधी उपटायचं, तेही हाताला कापड किंवा पिशवी गुंडाळून. पुष्कळांच्या अंगावर त्याने खाज उठते. मोथा मात्र वरून ओरबाडून काही उपयोग नाही. त्याची गाठ मातीत राहिली की आठ दिवसांत पुन्हा हिरवा. खाली खुरपं घालून गाठीसकट काढावा. दाट गवतात आधी काठी आपटावी आणि दिवेलागणीनंतर तिकडे जाऊच नये. या दिवसांत साप-विंचवाचं भय असतं.

मग वेलांचा हिशेब. दोडका आणि काकडी संपत आलेली असतात, ती मोह न धरता काढून टाकावीत. वालाला मात्र हात लावू नका, त्याचे दिवस आता कुठे सुरू होतात. आंबाडीची पानं खाऊन झाली तरी चार झाडं उभी ठेवावीत. पुढे तिच्या लाल बोंडांची चटणी आणि सरबत होतं. मोकळ्या झालेल्या जागेत कुजलेलं शेणखत मिसळून मेथी, पालक, मुळा आणि सांभार पेरायचा. सांभार म्हणजे आपली कोथिंबीर हं! धणे पायपोसावर चपलेने हलके रगडून दोन फाका करायचे आणि रात्रभर भिजवायचे. पेरणी संध्याकाळी करावी, दुपारी नव्हे.

आणि लगेच माती झाकायची. हा उपाय मला फार आवडला. सोयाबीन मळून झालं की कुटार निघतं. रोपं बोटभर वर आली की ओळींमधे त्याचा चार बोटं थर द्यायचा. माती तापत नाही, भेगा कमी पडतात आणि रोजचं पाणी एक दिवसाआड पुरतं. शेजारच्या क्वार्टरमध्ये बदलीवर आलेल्या एका बाईंना दारापुढे मऊ 'लॉन' हवं होतं. हौसेला मोल नसतं, पण एप्रिल-मेमध्ये पाणी कोण घालणार? तिथे आपली हरळीच खरी. उन्हाळ्यात वाळते, पावसाबरोबर परत येते. फक्त या दिवसांत ती अगदी मुळापाशी कापू नये आणि खोलगट जागा मातीने भरून घ्याव्यात.

आता सर्वांत महत्त्वाचं. याच सुमारास वाडीतल्या वांग्यांवर, वालावर मावा आणि अळ्या दिसतात, आणि कपाशीवर मारून उरलेलं औषध घरात असतं. "एवढंसं मारलं तर काय होतं?" असं घरातल्या पुरुषमाणसाला सहज वाटतं. वन्संच्या घरीही वाटलं होतं. त्यांनी ती बाटली उंबऱ्याच्या आत येऊच दिली नाही. २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. ते दिवस इथली कुठली बाई विसरेल? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला २००५ पासून बंदी आहे, तरी ती बाटली शेतावरून परसात यायला वेळ लागत नाही. वाडीतली भाजी आपण संध्याकाळी तोडतो आणि रात्री ताटात वाढतो, एवढं ध्यानात ठेवा. शेतातला पंपसुद्धा वाडीत आणू नका, आणि रिकाम्या डब्यांतून झाडांना पाणी तर मुळीच नको.

त्याऐवजी वन्सं करतात ते करा. पावसाळ्याच्या तोंडाशी निंबोळ्या वेचून, वाळवून ठेवायच्या. ५० ग्रॅम निंबोळ्या कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, सकाळी फडक्यातून गाळायच्या, चिमूटभर साबणाचा चुरा घालायचा आणि उन्हं कलल्यावर पानांच्या खालूनवरून शिंपडायचं. आठ दिवसांनी पुन्हा. अळ्या थोड्याच असल्या तर हाताने वेचलेल्या बऱ्या. किळस येते खरी, पण दोन दिवसांत सवय होते.

झेंडूकडे या दिवसांत मुली लक्ष ठेवतात, कारण भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघरी भुलाबाई असते आणि फुलं रोज लागतात. दसऱ्याच्या तोरणापुरती झाडं मात्र वन्सं बाजूला राखून ठेवतात, त्यावरून रोज थोडी कुरबुर व्हायचीच.

कोहळं तोडायची घाई करू नये. देठ वाळून कडक झाला, नख रुतेनासं झालं, की वीतभर देठ ठेवून कापावं आणि चार दिवस सावलीत ठेवून मग माळ्यावर, एकमेकांना न टेकवता मांडावं. दिवाळी उलटून संक्रांतीपर्यंत पुरतं.