डिस्क विकून टाक, असं मीच म्हणालो होतो

चाकणच्या एका व्हेंडर कंपनीत मी टूल रूम सांभाळतो. कॅन्टीनमध्ये गेमिंगचा विषय निघाला की माझा शब्द चालायचा. मी पीएस२च्या काळापासून खेळणारा, निगडीत स्वतःचा फ्लॅट, पगार वेळेवर, घरात फायबर. त्यामुळे २०२२ मध्ये मी ठासून सांगू लागलो की डिस्कचा जमाना संपला, कन्सोलही आता थोड्या वर्षांचा पाहुणा, पुढे सगळं वर्गणीवर आणि क्लाउडवर, तेव्हा पोरांनी ते खरं मानलं. एकाने तर मानून तसं केलंही. हे लिहितोय ते त्याच्यासाठी.

हिशेब मला चोख वाटत होता. पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ला आला, तेव्हा डिस्कवाला ४९,९९० रुपयांना होता आणि डिजिटल ३९,९९०ला. एक्सबॉक्स सिरीज एसलाही डिस्कची खाच नाही, तो आला तेव्हा ३४,९९०ला मिळत होता. मोठ्या नव्या गेमसाठी चार-पाच हजार मोजायचे आणि इकडे वर्गणीत महिन्याला काही शे रुपयांत शेकडो गेम. जून २०२२ मध्ये सोनीनेही आपल्या प्लेस्टेशन प्लस वर्गणीच्या तीन पायऱ्या केल्या. मी जुना कन्सोल आणि कपाटातल्या सगळ्या डिस्क विकून बिनखाचेचा कन्सोल घेतला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, कारण यंत्र आजही उत्तम चालतंय.

पैशांच्या बाबतीत मी आधी गाफील राहिलो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास तसा निरोप यावाच लागतो. माझ्याकडेही तो दर वेळी येत होता आणि मी तो न वाचता सरकवत होतो. ज्या महिन्यांत ऑडिटमुळे मी रिमोट हातातही धरला नाही, त्या महिन्यांचे पैसेही मुकाट गेले. मग माझ्या मुलाने अर्ध्यावर आणून ठेवलेला गेम वर्गणीच्या यादीतून निघाला. महिन्याच्या सुरुवातीला ‘लवकरच जाणार’ अशी पाटी लागली होती, तीही मी पाहिली नव्हती.

वर्गणीतले गेम आपले नसतात, हे खरं तर मला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं. आमच्या रॅकवर ज्या डाय, म्हणजे पार्ट काढायचे साचे, उभ्या आहेत, त्यांतल्या बऱ्याचशा आमच्या नाहीत. प्रत्येकीवर ग्राहक कंपनीची पत्र्याची पट्टी रिव्हेट केलेली असते, तिच्यावर मालमत्ता क्रमांक. डायला तेल आम्ही लावतो, धार आम्ही करतो, पार्ट आम्ही काढतो, पण ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरकडे वळली की ट्रक येतो आणि डाय उचलून नेतो. दोन डाय अशा जाताना मी स्वतः गेटपासवर सही केली आहे. तरी घरातल्या शेकडो गेमवर अशी पट्टी असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

माझं नुकसान सोसण्याइतकं होतं. त्या पोराचं नव्हतं. तो लातूरकडचा, आयटीआय झालेला, कॉन्ट्रॅक्टवर प्रेसला होता. म्हाळुंग्यात एका खोलीत चौघे राहायचे. त्याच्याकडे सेकंडहँड कन्सोल होता, डिस्कवाला. एकाने डिस्क आणायची, चौघांनी खेळायची, मग दुसऱ्या खोलीतल्या पोरांशी अदलाबदल करायची, असं त्यांचं चाललेलं. ‘हे सगळं विकून टाक, नवा घे, वर्गणी भर,’ असं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, ‘सर, आमच्या खोलीवर वायफाय नाही.’ मी म्हणालो, ‘मोबाईलचं नेट आहे ना?’ त्याने माझं ऐकलं, सगळं विकलं आणि हप्त्यावर बिनखाचेचा कन्सोल घेतला.

मोबाईलचं नेट म्हणजे रोजचे दोन जीबी. मोठा गेम ऐंशी-शंभर जीबीचा. शंभर जीबी उतरवायचे तर पन्नास दिवस, तेही घरी व्हिडिओ कॉल न करता. हा भागाकार मला तेव्हा करावासा वाटला नाही. डिस्कवालाही अपडेट मागतो, पण निदान गेमचा मोठा भाग त्या तबकडीत असतो. मग तो सुट्टीच्या गुरुवारी टॉवेलमध्ये गुंडाळलेला कन्सोल सॅकमध्ये घालून, बस बदलत निगडीला माझ्या घरी यायचा. आपल्या पट्ट्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाईट जाण्याचाही वार. एकदा डाउनलोड चाळीस टक्क्यांवर असताना लाईट गेली ती दुपारनंतरच आली. तोवर तो आमच्या हॉलमध्ये अवघडून बसून होता, आणि सेकंड शिफ्टच्या मित्राला खोलीची किल्ली द्यायची म्हणून तसाच निघाला.

पुढे त्याला कंपनीने ब्रेक दिला, म्हणजे काही काळ कामावरून थांबवलं. कॉन्ट्रॅक्टवर असलेल्याला ब्रेक नवा नसतो. आधीच्या ब्रेकमध्ये त्याने डिस्क विकून खोलीचं भाडं भागवलं होतं, हे मला त्या वेळी कळलं. या खेपेला विकायला काही नव्हतं. वर्गणी थांबली तसे तिच्यातून उतरवलेले सगळे गेम बंद झाले, आणि कन्सोलचा हप्ता मात्र चालू राहिला. डिस्क ही त्याच्यासाठी अडीअडचणीची शिल्लक होती. मी ती अडगळ समजून मोडायला लावली.

क्लाउडबद्दलही मी फार छातीठोक बोललो होतो. गुगलचं स्टेडिया २०१९ला सुरू झालं आणि १८ जानेवारी २०२३ला बंद पडलं. ग्राहकांचे पैसे परत मिळाले, पण गेम गेले. युबिसॉफ्टने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ला बंद केले, तेव्हा ज्यांनी डिस्क विकत घेतली होती त्यांनाही तो खेळता येईना. म्हणजे नुसती डिस्क जपूनही भागत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये एक्सबॉक्सच्या गेम पास अल्टिमेट या वर्गणीचा आपल्याकडचा दर नव्या ग्राहकांसाठी महिन्याला ८२९वरून १,३८९ रुपये झाला. पुढच्याच महिन्यात एक्सबॉक्सचं क्लाउड गेमिंग भारतात आलं. मी सांगत होतो ते येतंय, हे खरं. पण ते कुणाच्या दारात येतंय, हे मी कधी पाहिलं नाही. स्वतःच्या फ्लॅटमध्ये बसून मी म्हाळुंग्याच्या खोलीचं भविष्य सांगत होतो.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून डिजिटल गेम विकणाऱ्याला स्पष्ट लिहावं लागतं की ग्राहकाला मालकी मिळत नाही, वापराचा परवाना मिळतो. आपल्याकडेही ही ओळ मराठीत, ठळक अक्षरांत, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

त्याचे काही हप्ते मी भरले. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. आता तो रांजणगावला आहे, खोलीवर वायफायही आहे. बिनखाचेचा तो कन्सोल त्याने विकला आणि जुना डिस्कवाला घेतला. घेण्याआधी त्याने मला विचारलं नाही, आणि ते बरंच केलं.