पिशवी भरायलाही शिकवावं लागतं

शिक्षक-पालकहो, घरपोच आलेल्या सामानात पाव चेपलेला, टोमॅटो फुटलेले, हे तुमच्याकडेही होतच असेल. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, ते योग्यच झालं. पण कापडी पिशवीला ताठ बूड नसतं. जड वस्तू वर टाकली की खालचं गेलंच!

आमच्या खोताच्या वाडीतले बोळ अरुंद. दुकानातला मुलगा पिशव्या सायकलच्या हँडलला लटकवून आणतो. परवा अंड्यांवर चक्क पाच किलो कांदे! डझनातली पाच फुटली, बलक रव्याच्या पुडीत. बिलासकट पिशवी दुकानात नेली.

शेठ म्हणाले, "बाई, याच्या पगारातून कापतो."

"कापू नका हो. त्याला कुणी शिकवलंय का?"

शेठ गप्प. अंडी, रवा बदलून मिळाला. (दुकानदार ऐकतच नसेल तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, बिल मात्र जपून ठेवा.)

मग तिथेच मुलाला दाखवलं. कांदे-बटाटे तळाशी, पुड्या कडेने उभ्या, साबण तांदळापासून लांब, अंडी-पाव वेगळ्या पिशवीत. तो म्हणाला, "पाव हातातच आणू का?"

आता चौथीच्या वर्गात हाच पाठ घेते. कापडी पिशवी, वह्या, डबा आणि एक पिकलेलं केळं. बहुतेक मुलं आधी केळंच टाकतात. घरी करून बघा.