आडवाटांची टिपणं

निकालाचा हंगाम आला की बेंगळुरूच्या येलहंका न्यू टाउनात बसथांब्यांवर, रिक्षांच्या पाठीवर नीट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत चमकलेल्या मुलांचे फोटो लागतात. त्या मुलांचं कौतुक करायला पुष्कळ जण आहेत. ज्यांचे फोटो लागले नाहीत, तरी ज्यांना रुग्णाजवळच काम करायचं आहे, त्यांच्यासाठी ही टिपणं.

*

आधी हिशेब. प्रश्न १८०, गुण ७२०, उत्तर चुकलं की एक गुण वजा. २०२४ साली २३ लाखांहून जास्त मुलं परीक्षेला बसली. देशभरातल्या एमबीबीएसच्या जागा लाखाच्या वर, आणि त्यांतल्या निम्म्याच्या आसपास खाजगी महाविद्यालयांत, म्हणजे बहुतेक घरांच्या ऐपतीबाहेर. अशा गर्दीत मागे राहिलेल्या मुलाला ‘हुशारी कमी पडली’ म्हणणं हा सरळ अन्याय आहे.

*

बदलीच्या नोकरीतल्या मराठी घरांनी एक गोष्ट फार आधी पाहायला हवी. कर्नाटकच्या कोट्यातली जागा हवी तर साधारण नियम असा: पहिली ते बारावीत मिळून सात वर्षं शिक्षण याच राज्यात, आणि दहावी किंवा बारावी इथूनच उत्तीर्ण. महाराष्ट्राचा कोटा हवा तर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, शिवाय अधिवासाचा दाखला.

आता नववीत पुण्याहून येलहंक्याला आलेलं मूल धरा. बारावीपर्यंत त्याची इथली चारच वर्षं भरतात, आणि महाराष्ट्राचं दार दहावीलाच बंद झालेलं असतं. मग मुख्यतः उरतो सरकारी महाविद्यालयांतला १५ टक्के अखिल भारतीय कोटा, नाहीतर भरमसाट फीच्या जागा. आईवडिलांना हे कळतं ते बारावीनंतर, अर्ज भरताना.

*

यालाही अपवाद आहेत, आणि ते येलहंक्याच्या कामाचे आहेत. इथे वायुदलाचा तळ आहे, १९८४ साली सुरू झालेला रेल्वेचा चाक-कारखाना आहे. सैन्यदलांतले लोक आणि बदलीपात्र केंद्रीय कर्मचारी यांच्या मुलांसाठी कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाच्या नियमांत स्वतंत्र कलमं आहेत. पालकानं राज्यात किती काळ नोकरी केली, मूल तेव्हा कुठे शिकत होतं, यावर ती चालतात. माहितीपुस्तिका दरवर्षी नवी निघते. तिच्यातलं पात्रतेचं प्रकरण मुलानं नव्हे, आईवडिलांनी वाचायचं, आणि तेही दहावीच्या आधी.

*

सीमाभागाची एक वाट. वादग्रस्त ८६५ गावांतल्या, मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र आपल्या वैद्यकीय प्रवेशांत वेगळ्या जागा ठेवतो. उलट अंगानं जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, गडहिंग्लज या तालुक्यांतल्या कन्नडभाषक मुलांना कर्नाटक आपलं मानतं. राजकारणात सीमाप्रश्न भिजत पडला आहे, पण प्रवेशाच्या नियमांत दोन्ही राज्यांनी सीमेपलीकडच्या मुलांना जागा करून दिली आहे. निपाणी-बेळगावकडची जी कुटुंबं पोटासाठी बेंगळुरूला आली, त्यांनी गावाकडचे कागद जपून ठेवावेत.

*

सगळ्यांत कमी ठाऊक असलेलं दार कामगारांच्या मुलांचं. दोड्डबळ्ळापूर रस्त्याला लागलं की तयार कपड्यांचे कारखाने सुरू होतात. तिथे शिलाई मशीनवर बसणाऱ्या बाईच्या पगारातून ईएसआयचा हप्ता कापला जातो. तो औषधापुरता असतो, असंच बहुतेकींना वाटतं. पण कर्मचारी राज्य विमा महामंडळाची स्वतःची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांतलं एक इथेच राजाजीनगरला. त्यांत विमाधारकांच्या पाल्यांसाठी राखीव जागा असतात. नीट द्यावीच लागते, पण स्पर्धा फक्त विमाधारकांच्या मुलांत असल्यानं गुणांची रेषा बरीच खाली येते. पाल्य असल्याचा दाखला वेळेत काढावा लागतो. हप्ता दरमहा न चुकता कापला जातो. तसा या दाखल्याचा कागद कारखान्याच्या फलकावर का लागू नये?

*

बारावीला गणित घेतलं, जीवशास्त्र सोडलं, आणि मग मन बदललं. पूर्वी इथे गोष्ट संपायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून जीवशास्त्र देऊन नीटला बसायची मुभा दिली. वयाची वरची मर्यादा २०२२ मध्येच गेली होती. त्यामुळे तिशीतल्या माणसालाही परीक्षा देता येते. घरचे, ओळखीचे ‘आता कुठे’ म्हणतात तेव्हा हे दोन बदल सांगावेत.

*

नर्सिंगची वाट जरा सावकाश लिहितो, कारण ती खरी लांब पल्ल्याची आहे.

थेट बी.एस्सी. नर्सिंग करायचं तर बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र लागतं. कर्नाटकात सरकारी कोट्याच्या जागा सीईटीतून भरतात, महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी सीईटी आहे. पण कला शाखेतून बारावी झालेल्या मुलीलाही रस्ता आहे: तीन वर्षांचा जीएनएम डिप्लोमा, मग नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, मग दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. म्हणजे विद्यापीठाची पदवी. पुढे एम.एस्सी., तिच्यापुढे पीएच.डी. हाच जिना. मध्ये नोकरी करून पैसे साठवता येतात, घर सांभाळता येतं, थांबून पुन्हा चढता येतं.

या वाटेनं गेलेल्या, मूळच्या निपाणीकडच्या एका सिस्टरांशी बोललो. बारावी कला शाखेतून. ‘डॉक्टर व्हायचं राहिलं म्हणून नर्स झालात का?’ असं लोक विचारतात, त्यावर त्या म्हणाल्या, ‘अहो, मला नर्सच व्हायचं होतं. पदवी घेतली ती शिकवता यावं म्हणून. नव्या मुली सलाईन लावताना घाबरतात, त्यांच्या हाताशी कुणीतरी उभं राहायला हवं ना?’

आपल्या घरांतून ‘नर्सच व्हायचं आहे’ हे वाक्य किती मुलींना मोकळेपणानं बोलता येतं? मुलग्यांचं तर विचारूच नका.

*

सैनिकी परिचर्या. पुण्याचं एएफएमसी, मुंबईचं नौदलाचं अश्विनी रुग्णालय, बेंगळुरूचं वायुदलाचं कमांड हॉस्पिटल: अशा सहा ठिकाणी मुलींना चार वर्षांचं बी.एस्सी. नर्सिंग सरकारी खर्चानं शिकता येतं. नंतर अधिकारी म्हणून नेमणूक, बदल्यात ठरावीक वर्षं सेवेचं बंधपत्र. निवडीची पहिली चाळणी नीटच्या गुणांवर होते. म्हणजे एमबीबीएसला न पुरलेले गुण इथे उपयोगी पडू शकतात, पण नोंदणी वेगळी करावी लागते. ती राहून गेली की गुण असूनही संधी जाते.

*

औषधनिर्माणशास्त्र: दोन वर्षांचं डी.फार्म. केलं की बी.फार्म.च्या थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. महाराष्ट्रात हा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो. मेडिकल दुकानात काउंटरमागे दहा वर्षं उभ्या असलेल्या माणसालाही हे दार खुलं आहे.

निम्हान्स: बेंगळुरूची ही संस्था मानसोपचारासाठी सगळ्यांना ठाऊक. तिथे नर्सिंग, रेडिओग्राफी, भूलतंत्र यांच्याही पदव्या आहेत. येलहंक्यातली किती मुलं तिथे अर्ज करतात?

*

‘नीटशिवाय एमबीबीएस’ अशी पाटी दिसली की पुढे चालू लागावं. परदेशी वैद्यकीय पदवीसाठीसुद्धा २०१८ पासून नीट उत्तीर्ण असणं लागतं. २०२१ च्या नियमांनी तर तिथलं शिक्षण किमान ५४ महिन्यांचं, इंग्रजी माध्यमाचं आणि पुढे बारा महिन्यांच्या इंटर्नशिपचं असावं असंही घातलं आहे. यांतलं एक जरी चुकलं, तरी परत आल्यावर इथल्या परवान्याचं दार उघडत नाही. शेती विकून फी भरलेली असते तेव्हा हे कळणं फार क्रूर असतं.

*

आडवाटेनं डॉक्टर झालेल्या रखमाबाई राऊत. लंडनला स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिक्षण, परवान्याची परीक्षा स्कॉटलंडात, एम.डी. १८९४ मध्ये ब्रुसेल्सची. ज्या ठिकाणी जे दार उघडं होतं त्यातून त्या गेल्या, आणि मग सुरतेत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. तिथल्या बायाबापड्यांनी त्यांना कुठल्या वाटेनं आलात असं विचारल्याचं ऐकिवात नाही.

*

आता जे मनाला लागतं ते.

आपल्याकडे प्रत्येक व्यवसायाचा आपापला जिना आहे, पण एका जिन्यावरून दुसऱ्यावर जायला पूल नाही. बारा वर्षं अतिदक्षता विभागात काढलेल्या परिचारिकेला डॉक्टर व्हायचं असेल, तर तिनं सतरा वर्षांच्या मुलांशेजारी बसून बेडकाचं वर्गीकरण आणि प्रकाशाचं अपवर्तन सोडवायचं. तिच्या अनुभवाला ७२० पैकी शून्य गुण.

हे कायमच असं नव्हतं. स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीनं मोजलं तेव्हा देशातल्या सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टरांपैकी ३०,००० च्या आसपास लायसेंशिएट होते, पदवीचे नव्हेत. खेड्यापाड्यांतलं बरंचसं वैद्यक त्यांच्या जिवावर चाले. समितीनं एकच पातळीचा डॉक्टर असावा असं सुचवलं. सहा सदस्यांनी याला असहमती लिहून ठेवली. लायसेंशिएट अभ्यासक्रम बंद होत गेले, पण आधीच काम करत असलेल्यांसाठी एमबीबीएसचा संक्षिप्त अभ्यासक्रम ठेवला गेला. अनुभव हातात असलेल्या माणसाला पदवीपर्यंत नेणारा पूल आपल्याच देशानं बांधला होता.

ब्रिटनमध्ये २००० सालापासून पदवीधरांसाठी चार वर्षांचे वैद्यकीय अभ्यासक्रम आहेत. नर्स, फिजिओथेरपिस्ट, फार्मसिस्ट त्यांतून डॉक्टर होतात. तिथली वैद्यकी त्यानं ढासळली नाही.

*

म्हणून मागणं हे. प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात थोड्या जागा अशा असाव्यात, ज्यांवर नोंदणीकृत परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, तंत्रज्ञ काही वर्षांच्या सेवेनंतर येऊ शकतील. परीक्षा असावी, कठीण असावी, पण त्यांनी रोज केलेल्या कामाच्या विषयावर असावी. बदल्यात त्यांनी तालुक्याच्या रुग्णालयात सेवा द्यावी. ही माणसं तिथलीच आहेत, ती पळून जाणार नाहीत. जिनं रात्रपाळीत एकटीनं बाळंतपणं निभावली, तिला डॉक्टर व्हायचं असेल, तर देशानं तिला पुन्हा सतरा वर्षांची होऊन यायला सांगू नये.