पाऊस गेल्यावरचा दूधसागर

दूधसागरची ओळख करून देताना आधी उंची सांगतात, ३१० मीटर. मग रेल्वेचा कमानींचा पूल, डब्याच्या दारात दाटलेली माणसं, तोंडावर येणारे तुषार. हे सगळं जुलैतलं. माझं म्हणणं असं की धबधब्याची पारख जुलैत करूच नये. त्या दिवसांत सह्याद्रीचा कुठलाही कडा धबधबा होतो. सरी कोसळल्या की उघडा कातळही वाहू लागतो आणि उघडीप पडली की ओसरतो. ते कर्तृत्व ढगाचं. नदीचं कळतं ते दिवाळीनंतर. आभाळ निरभ्र, शेतं कापून झालेली, आणि दूधसागर रोडावला तरी पडतोच आहे. हे पाणी वरच्या रानाचं. पाचोळ्याच्या थरात, मुळांनी पोकळ केलेल्या मातीत, खडकाच्या भेगांत पावसाळाभर मुरलेलं पाणी पुढे कित्येक महिने झिरपत राहतं.

यावर कुणी म्हणेल, झाडं स्वतःच पाणी पितात, मग रान राखून नदीला लाभ काय? आक्षेप पोकळ नाही. वर्षाचा एकूण हिशेब मांडला तर जंगल बरंच पाणी हवेत परत धाडतं. पण घाटमाथ्याची अडचण पाणी कमी पडण्याची नाही, ते न थांबण्याची आहे, आणि थांबवून ठेवतं ते रानच. दुसरा आक्षेप पोटाचा: जंगलाचे निर्बंध म्हणजे पायथ्याच्या कुळे गावातून पर्यटकांना धबधब्याकडे नेणाऱ्या जीपवाल्यांच्या पोटावर पाय. वास्तविक त्यांच्या जीपा पावसाळ्यात बंद असतात, धंदा ऑक्टोबरपासूनचा. म्हणजे त्यांची कमाई नेमकी या झिरपणाऱ्या पाण्यावरच. रेल्वे हवी, हेही खरं, १८८८ पासून ती या घाटातून धावतेच आहे. पण घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपासून कुळ्यापर्यंत दुसरा रूळ टाकायचा तर याच रानाचा उतार पुन्हा कापावा लागणार होता. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. केवळ निसर्गप्रेम म्हणून नव्हे, पाण्याचा व्यवहार म्हणूनही तो निर्णय योग्यच वाटतो. दूधसागरचं पाणी खाली खांडेपार नदीला मिळतं, आणि ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रातून फोंड्याला, पणजीला जातं ते खांडेपारचंच.