ठाकुरवाडीचा तिसरा रकाना

पुणे-मुंबई लोहमार्गाने जा-ये करणाऱ्या पुष्कळ लोकांना ठाकुरवाडी हे नाव ठाऊक असते. पण तेथे उतरलेला मनुष्य मात्र विरळा. बोरघाट उतरताना गाडी मध्येच थबकते, खिडकीतून एक पाटी दिसते, डब्यातील एखादे लहान मूल ती मोठ्याने वाचते, आणि गाडी पुन्हा हलते. १८६३ साली हा घाट आगगाडीस खुला झाला. सदतीस फुटांस एक फूट असा त्याचा चढ असल्यामुळे बहुतेक गाड्यांना आजही कर्जतेस मागून जादा इंजिने जोडावी लागतात, आणि तेवढ्या अवकाशात वडा खाण्याचे पुण्यकर्म उतारूंच्या हातून घडते. त्यापलीकडे या मुलखाशी आम्हा पुणेकरांचा संबंध फारसा येत नाही.

खाली कर्जत-खालापूर भागात जाऊन 'ठाकुरवाडी कोठे?' असे विचारले, तर 'कुठली?' असा उलट प्रश्न येतो. डोंगराच्या ज्या ज्या सोंडेवर ठाकर लोकांची दहा-वीस घरे आहेत, ती ती खालच्या गावकऱ्यांच्या लेखी ठाकुरवाडीच. माणसास नावाने न हाक मारता जातीने हाक मारावी, तसेच हे झाले. परंतु ही गोष्ट मला तेव्हा सुचली नव्हती. ती पुढे एका परक्या मनुष्याच्या प्रश्नामुळे सुचली, आणि त्याचीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

माझ्या भाच्याचा एक चेक स्नेही कामानिमित्त पुण्यास आला होता. गृहस्थ स्थापत्यविशारद, पण शब्दांचा मोठा नादी. त्याच्याजवळ शाळकरी वयापासूनची एक वही होती. डाव्या रकान्यात इंग्रजी शब्द, उजव्या रकान्यात त्यांचे चेक प्रतिशब्द. आणि ते सारे वागणूक, रीतभात, सौजन्य, उद्धटपणा अशा विषयांवरचे. इंग्रजी शिकताना त्यास तेच सर्वांत कठीण वाटले होते म्हणे. आता त्याने पेन्सिलीने तिसरा रकाना आखला होता आणि मराठी शब्द घालण्याचे काम मजकडे सोपविले होते. मराठीचा अभिमान जागृत होऊन मी ते आनंदाने पत्करले, आणि दिवाळी झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघे कर्जतेहून खोपोलीच्या लोकलने पळसदरीस उतरलो, ते वही बरोबर घेऊनच.

चढ चढता चढता रकाना भरू लागला. 'बिहेविअर' या शब्दासमोर चेकमध्ये 'खोवानी' होते. त्याचे मूळ क्रियापद पाळणे, सांभाळणे या अर्थाचे. गाईगुरे पाळण्यासही तेच, आणि माणसाने स्वतःस नीट सांभाळण्यासही तेच. मी म्हटले, आमचे 'वर्तन' आणि 'वळण' ही दोन्ही वळण्यावरून आली. तुम्ही स्वतःस पाळता, आम्ही वळवितो. 'पोलाइटनेस'समोर 'ज्द्वोर्झिलोस्त' असा दातांची परीक्षा पाहणारा शब्द होता. 'द्वूर' म्हणजे राजाचा दरबार, त्यावरून तो झाला. इंग्रजीतील 'कर्टसी'ही दरबारातूनच निघाली. आमचे काय, म्हणून त्याने विचारले. मी सभेवरून 'सभ्य' आणि नगरावरून 'नागर' हे शब्द दिले, आणि प्रामाणिकपणे गावावरून झालेला 'ग्राम्य'ही दिला. तो हसला व म्हणाला, की इंग्रजीत असंस्कृत मनुष्यास 'बूर' म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ शेतकरीच! मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला, इंग्रजी-मराठीचा कँडीने पुरा केलेला कोश १८४७ साली. दोहोंस साहाय्य होते ते आमच्याच शास्त्रीमंडळींचे. कोश कोणत्याही देशातला असो, तो नगरात बसून लिहिला जातो. डोंगरावर बसून कोणी लिहिला असता, तर 'नागर' शब्दाचा अर्थ काय दिला गेला असता, देव जाणे.

'प्लीज'पाशी माझी थोडी अडचण झाली. चेक लोकांचे 'प्रोसीम' म्हणजे शब्दशः 'मी विनवितो'. पण काही मागताना, देताना, कोणास आत बोलाविताना, आभाराला उत्तर देताना, फार काय टेलिफोन उचलतानाही ते तोच शब्द वापरतात. आमचे 'कृपया' कचेरीच्या पाटीवर शोभते. घरात आईजवळ 'कृपया वरण वाढ' असे कोणी म्हटले, तर त्यास ताप आला की काय, हे पाहण्यात येईल. आमची विनंती क्रियापदात असते: दे, द्या, देता का, द्याल का, द्यावे. त्या रकान्यात एक शब्द मावेना, म्हणून मी पाचही लिहिले.

वाडी आली तेव्हा दहा वाजले होते. कारवीच्या कुडाच्या, मातीने लिंपलेल्या भिंती; त्यांच्या शेजारी नव्या विटांची दोन-चार घरे; झाडून लख्ख केलेली अंगणे; आणि उतारावर पिकत आलेली नाचणी. ठाकरांत क-ठाकर व म-ठाकर असे दोन भेद आहेत. ल. ना. चापेकरांनी सह्याद्रीतील ठाकरांवर १९६० साली इंग्रजीत एक साधार ग्रंथ लिहिला; मी तो वाचला होता, आणि म्हणून या लोकांविषयी आपणांस बरीच माहिती आहे अशी माझी समजूत होती.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता. त्याने मजकडे पाहून म्हटले, "ये, बस. दमलास." पाहुण्यासही तोच आदेश: "तू पण बस." मी बसलो आणि सहज म्हणालो, "बाबा, पाणी देतोस का?" पाणी आले. पाठोपाठ घरातील म्हातारीने नाचणीची भाकर आणि मिरचीची चटणी अशा दोन थाळ्या आणून ठेवल्या. आता आमच्या घरचे वळण वाचकांस सांगावयास नको. पोटात कावळे ओरडत असले, तरी पहिल्या वेळेस 'नको, नको, कशाला उगीच' असेच म्हणावयाचे. तसे मी म्हटले. म्हातारीने एकदा मजकडे पाहिले आणि माझी थाळी शांतपणे उचलून आत नेली. पाहुण्याने मात्र 'प्रोसीम' की काय पुटपुटून भाकरीचा तुकडा मोडला आणि ताट स्वच्छ केले. मी पाणी पीत राहिलो.

पुढे वाटेत हसू आवरल्यावर मी त्यास 'आग्रह' म्हणजे काय, ते समजावून दिले: आमच्या पंगतीत जिलबी वाढणारा कसा हटून बसतो, जेवणारा पानावर आडवा हात कसा धरतो, आणि त्या हाताच्या बोटांमधून जिलबी पानात कशी पडते. तो शब्द त्याने वहीत तिसऱ्या रकान्यात आधी लिहिला, आणि पहिले दोन रकाने रिकामे ठेवले. 'नको' याचा अर्थ नको असाच घेणारी माणसे त्या ओट्यावर राहतात, हे मात्र त्याने माझ्या आधी ओळखले होते.

मग त्याने तो प्रश्न विचारला. चेक भाषेत आपल्याप्रमाणेच 'तू' आणि 'तुम्ही' यांचा भेद आहे. त्यांची 'तिकात' आणि 'विकात' ही क्रियापदे म्हणजे हुबेहूब आपले 'अरेतुरे' आणि 'अहोजाहो'. इंग्रजीचे पहिले पान तेथे कोरेच राहते. त्या देशात दोघे अनोळखी 'तुम्ही'ने आरंभ करितात. पुढे वडीलधारा मनुष्य किंवा स्त्री 'तू' म्हणण्याची परवानगी देते, आणि एकदा दिली की ती दोन्ही बाजूंनी असते. पाहुण्यास माझ्या संगतीत एवढे मराठी कळू लागले होते. तो म्हणाला, "तो तुम्हांला 'तू' म्हणत होता, तुम्हीही त्याला 'तू' म्हणत होता. म्हणजे तुमचा जुना स्नेह दिसतो. 'तू' म्हणण्याची सूचना प्रथम कोणी केली?"

मला काही उत्तर सुचेना. म्हाताऱ्याचे 'तू' कलेक्टर येवो की देव येवो, सर्वांस सारखेच होते. आपणही आईला आणि देवाला 'तू'च म्हणतो. माझे 'तू' त्या जातीचे नव्हते. कर्जतेस आमच्या आजोळी मोळी घेऊन येणाऱ्या सत्तर वर्षांच्या ठाकरासही घरातील पोर 'ए, इकडे ठेव' म्हणे, आणि तेच पोर दारी आलेल्या पंचवीस वर्षांच्या कारकुनास 'अहो, बसा' म्हणे. ते पोर मीच. घरात कोणास त्यात वावगे वाटले नाही. उलट मुलाला चांगले वळण आहे, असेच पाहुणे म्हणत.

त्यावरून दुसरी एक गोष्ट आठवली. ती मी पाहुण्यास सांगितली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी चौकच्या वरच्या बाजूस इर्शाळगडावर गेलो असता पावसाने गाठले, आणि मी व दोघे मित्र पायथ्याच्या इर्शाळवाडीत एका घरी रात्रभर राहिलो. ती वाडीही ठाकरांचीच. घरच्या बाईने चुलीपाशी आमचे कपडे वाळविले, भात घातला, सकाळी वाटेवर आणून सोडले. आम्ही पैसे दिले, छायाचित्र घेतले आणि निघालो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत. त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत नावे येत होती आणि मी ती एक-एक करून वाचीत होतो. शेवटी वर्तमानपत्र खाली ठेवले. कारण त्या बाईचे नाव आम्ही तिघांपैकी कोणीच विचारले नव्हते. ती त्या यादीत आहे की निवाऱ्याच्या छावणीत सुखरूप आहे, हे मला त्या दिवशी कळले नाही, आणि आता कळावयाचेही नाही.

उतरताना वाट पुन्हा त्याच ओट्यावरून होती. मी थांबलो आणि बराच धीर करून म्हणालो, "बाबा, तुमचं नाव काय?" म्हाताऱ्याने मान वळवून मागे पाहिले. 'तुम्ही' म्हणण्याजोगे कोणी मागून आले की काय, असे त्यास वाटले असावे. मागे कोणी नाही, हे पाहून तो हसला. मी पुन्हा विचारले. मग त्याने आपले नाव सांगितले, बापाचे सांगितले, आणि आत हाक मारून म्हातारीचेही सांगितले. माझे विचारले, पाहुण्याचेही विचारले. पाहुण्याचे नाव त्यास दोनदा म्हणून पाहावे लागले.

निघताना काय म्हणावे, असे पाहुण्याने हळूच विचारले. 'धन्यवाद' माझ्या जिभेवर आले होते. ते गिळून मी त्यास 'येतो' शिकविले. जाताना 'येतो' का, म्हणून तो चकित झाला. मग म्हणाला, आमच्याकडेही निरोप घेताना 'ना स्ख्लेदानोउ' म्हणतात, म्हणजे पुन्हा एकमेकांस पाहू तोवर. त्याने जड जिभेने म्हाताऱ्यास 'येतो' म्हटले.

"ये," म्हातारा म्हणाला, आणि मग मजकडे वळून, "तू पण ये रे. पण भाकर ठेवली म्हणजे नको म्हणू नको."