आधी अभंग, मग टोमणा

आकाशवाणीच्या सकाळच्या सभेचा क्रम ठरलेला: संकेतधून, वंदे मातरम्, मंगलध्वनी, भक्तिगीतं. त्यामागून लागणारं प्रहसन लिहिताना ऐकणाऱ्याच्या देवघरातली उदबत्ती अजून जळतेय, हे धरून चालावं लागतं. धर्मावर किंवा समाजावर हल्ला नको, असं आकाशवाणीची आचारसंहिताही बजावते. पण नुसतं कलम सांभाळत बसलं की विनोद मिळमिळीत होतो.

कोकणाला हा मिळमिळीतपणा परवडत नाही. नमनात आधी गण, मग गवळण. आणि गवळणीतली मावशी साक्षात कृष्णाला फैलावर घेते. तिला हसणारेच शिमग्यात देवाची पालखी खांद्यावर नाचवतात. थट्टेनं इथली भक्ती बाटत नाही.

माझ्या एका प्रहसनात चाकरमान्याचं गणपतीचं तिकीट वेटिंगवर अडकतं. आई गुरवाकरवी ग्रामदेवतेला कौल लावते. पाकळी ना उजवी पडते, ना डावी. गुरव म्हणतो, ‘‘म्हातारे, देवपन वेटिंगला हाय!’’ हे नटानं हसत म्हटलं तर देवाची टवाळी होते. म्हणून आधी घंटेचा एक टोल, मग ‘म्हाराजा’ म्हणत सरळ सुरात गाऱ्हाणं, थोडी शांतता, आणि मग ताटकळलेल्या आवाजात ते वाक्य. देवळात गुरवाचे जोडलेले हात दिसतात. रेडिओवर ते ऐकू यावे लागतात.

माणसांची थट्टा त्याहून अवघड. पु. लं.च्या ‘व्यक्ती आणि वल्ली’तल्या अंतू बर्व्यानं रत्नागिरीकराचा तिरकसपणा महाराष्ट्राच्या कानात असा बसवला, की बाहेरच्याला सगळा जिल्हाच तसा बोलतो असं वाटतं. खरं तर तो एका आळीचा आवाज. मिरकरवाड्याची मासेवाली टोमणा मारते तो ढंग निराळा, संगमेश्वरच्या शेतकऱ्याचा निराळा. त्यात संहिता लिहिणाऱ्यांची जुनी खोड अशी, की डॉक्टर-मास्तर पुस्तकी बोलणार आणि संगमेश्वरी बोली फक्त गड्याच्या तोंडी, हशा काढायला. मी डॉक्टरलाच संगमेश्वरी बोलायला लावतो. मग श्रोता बोलीला हसत नाही. डॉक्टर रोग्याला काय सुनावतोय, तिकडे त्याचे कान लागतात.

संहिता देण्याआधी मी एवढंच ताडून बघतो: खरा गुरव हे वाक्य उद्या देवळात आपलं म्हणून खपवेल का? खपवणार असेल, तर ते ठेवायला हरकत नाही.